लॉनवरची देवाची पट्टी

गवत ही गुरांनी खायची वस्तू आहे, हे मला वयाच्या चौथ्या वर्षी ठाऊक होतं. माझ्या सासऱ्यांना साठी उलटली तरी ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी गवत ही बघायची वस्तू होती, आणि ती बघायला घरी कुणीतरी साहेब यावा लागायचा.

भाषावार प्रांत झाले त्याच्या पुढल्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी बेळगावाकडच्या खेड्यातून बेंगळूरला आले. सासरची मंडळी तिथली फार जुनी. तीनशे वर्षांपूर्वी कुणी पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर दक्षिणेत उतरला आणि परत गेलाच नाही. घरात मराठीच, पण ‘स्वल्प थांब’, ‘सरी, जेवून घे’ अशी कानडी मिसळलेली. ‘सरी’ म्हणजे ‘बरं’. पहिला महिनाभर मला हसू आवरायचं नाही. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणायचे आणि सासूबाईंना अक्का, म्हणून मीही तेच म्हणू लागले. अण्णा सरकारी कचेरीतून बऱ्या हुद्द्यावर निवृत्त झालेले. चामराजपेटेतलं भावाभावांचं घर सोडून त्यांनी जयनगरात स्वतःचा बंगला बांधला होता. पुढे फाटक, फाटकापासून व्हरांड्यापर्यंत फरशीची वाट, आणि वाटेच्या दोन्ही अंगांना ते लॉन.

मी इंटर पास होते. लग्नाच्या बैठकीत माझ्या वडिलांनी एकच अट घातली होती की मुलीला बी.ए. करू द्यायचं. अण्णा मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, ‘‘करू दे की! बेंगळूरला कॉलेजांना काय तोटा?’’ तोटा कॉलेजांना नव्हताच. तोटा होता तो सकाळी नळ धरून उभं राहणाऱ्या माणसांचा. नळाला पाणी यायचं सहाला आणि जायचं आठला. कॉलेजचा पहिला तास आठचा. आता या दोन तासांत लॉनला पाणी कोण घालणार? अण्णांनी मला पहिल्याच आठवड्यात रबरी पाइप हातात दिला आणि म्हणाले, ‘‘तुम्ही शेतकरी माणसं, तुला हे हातचं काम.’’ कॉलेजचं म्हणाल तर पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पुढच्या वर्षीही पुढच्या वर्षी बघू म्हणाले. माझा नवरा दोन्ही वेळा पेपर वाचत होता.

आता या लॉनची कथा ऐका. कुठलं दुर्मिळ गवत असेल म्हणता? छे! साधी हरळी. आमच्याकडे शेतात हरळी माजली की घरात सुतक असल्यासारखे चेहरे व्हायचे. नांगर मोडेल पण हरळीची मुळी तुटायची नाही. तीच हरळी अण्णांनी आनेकलच्या बाजूने बैलगाडी भरून मुळांसकट मागवली होती. ज्या शेतकऱ्याच्या रानातून ती खणून आणली तो म्हणे गाडी निघेपर्यंत हसत होता. त्याचं रान फुकटात साफ झालं आणि वर अण्णांनी त्याचे आभार मानले. हे मला अक्कांनी सांगितलं, तेव्हा त्यासुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या होत्या.

पण त्यांच्यापुरती ती नुसती हसायची गोष्ट नव्हती. लॉनसाठी त्यांचा मोगरा गेला, कढीपत्ता गेला, दोन शेवग्याची झाडं गेली. तुळस मागच्या दारी मोरीजवळ गेली. अक्का कधी कशाला नाही म्हणाल्या नव्हत्या, पण तुळस हलली त्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘‘मला गणपतीला रोज दुर्वा लागतात. एक पट्टी कापायची नाही.’’ हरळी म्हणजेच दुर्वा, हे अण्णांना तेव्हा आठवलं असावं. कुंपणाच्या कडेने हातभर रुंदीची पट्टी त्यांनी कपाळाला आठ्या घालून सोडली. तिला घरात देवाची पट्टी म्हणायचे. मी आल्यावर त्या पट्टीतून रोज एकवीस दुर्वा खुडून ताटलीत ठेवायचं काम माझ्याकडे आलं. अक्का सोवळ्यात असायच्या, त्यांना त्या वेळी फाटकापर्यंत येता यायचं नाही.

लॉनलाही सोवळं होतंच म्हणा. चप्पल घालून पाय ठेवायचा नाही, हे समजण्यासारखं आहे. पण अनवाणीही ठेवायचा नाही! मग ते लॉन करायचं कशाला? साहेबलोक लॉनवर खुर्च्या टाकून चहा पितात, पोरं लोळतात, कुत्री खेळतात, असं मी ऐकलं होतं. आमच्याकडे लॉनभोवती उभं राहून लॉन बघायचं. पाहुणा आला की अण्णा त्याला वाटेवर उभा करून डाव्या अंगाचं लॉन दाखवायचे, मग त्याला अर्धा वळवून उजव्या अंगाचं. पाहुणा बिचारा दोन्हीकडे बघून ‘वा’ म्हणायचा. दुसरं काय म्हणणार?

कापायचं यंत्र कॅन्टोन्मेंटातल्या कुणा गोऱ्याने विलायतेला परत जाताना विकलेलं. दोन चाकांमध्ये पात्यांचा दंडगोल, मागे लाकडी दांडा, ढकलत न्यायचं. दर रविवारी अण्णा अर्धी चड्डी घालून ते ढकलायचे. आयुष्यभर धोतर नेसलेला माणूस, पण यंत्राला अर्धी चड्डी लागते असा त्यांचा समज होता. पाती बोथट. विळ्याची धार गेली तर गवत कापलं जात नाही, फाटतं, आणि शेंडे पांढरे पडतात, हे आमच्याकडे गुराखीही सांगेल. मी एकदा सांगितलं, ‘‘अण्णा, पात्यांना धार लावून घ्या आणि इतकं खालून कापू नका. हजामत केल्यासारखं दिसतं.’’ त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी रेल्वेच्या इंजिनाविषयी मत दिलं. पाण्याचंही तेच. रोज जरा जरा शिंपडून मुळं वरच्या वर राहतात. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा चांगलं भिजवा, मुळं खाली जातील, म्हटलं. म्हणाले, ‘‘विलायतेत रोज घालतात.’’ अहो, विलायतेत रोज पाऊस पडतो! पण हे मी मनात म्हटलं.

आणि कापलेलं गवत? पोत्यात भरून गल्लीच्या टोकाला फेकायचं. तिथे कुणाचीशी गाय यायची आणि आमचं विलायती लॉन मिटक्या मारत खायची. त्या घरात शहाणपणाने वागणारी मला तेवढी एकच दिसली, आणि तीही आमची नव्हती.

अण्णांचा जीव कशात होता, तेही सांगते. शहरात घरगुती बागांची स्पर्धा असायची. परीक्षक घरी येऊन बाग बघायचे आणि कप मिळायचा. चामराजपेटेतल्या धाकट्या भावाकडे गुलाबांचा कप होता. तो त्याने दिवाणखान्यात अशा जागी ठेवला होता की चहा पिताना समोर यावा. अण्णा त्याच्याकडे चहाच घ्यायचे नाहीत. तीस वर्षं सरकारी कचेरीत सह्या केलेला माणूस एका पितळी पेल्यासाठी झुरतोय, याची मला कीव नाही आली कधी. माझं बी.ए. त्या पेल्यात बुडत होतं.

तिसरं वर्ष आलं. कॉलेजच्या प्रवेशाचे अर्ज निघाले. मी एक आणून भरून ठेवला, पालकाच्या सहीची जागा तेवढी रिकामी. अण्णा म्हणाले, ‘‘या वर्षी कप आणायचाच आहे. एवढं वर्ष जाऊ दे.’’ मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही तरी सही करा. तो म्हणाला, ‘‘अण्णा असताना मी कशी करू?’’ त्या दिवशी मला कळलं की मी या घरात म्हातारी होईपर्यंत पाइप धरून उभी राहणार. मोरीत जाऊन मी रडले, आणि रडताना स्वतःचाच राग आला.

त्याच सुमारास अण्णांना फिरायला जाताना भेटणाऱ्या एका मित्राने सांगितलं की नुसत्या पाण्याने लॉन होत नाही, त्याला खाऊ घालावं लागतं. चार दिवसांनी एका हातगाडीवरून दोन पोती आली. अण्णांनी ती गॅरेजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी करवली आणि स्वतःच्या हाताने लॉनवर पांढुरकी भुकटी पसरली. देवाच्या पट्टीवरही पसरली, ती तरी का उपाशी राहावी! वरून मला पाणी मारायला लावलं. दुसऱ्या दिवसापासून वस्तीतली झाडून सगळी कुत्री आमच्या फाटकाशी. आत घुसून लॉन उकरायची, चाटायची. अक्का काठी घेऊन हाकलून दमल्या. अण्णा म्हणाले, ‘‘गवताचा गारवा आवडतो त्यांना.’’

मी पाइप ठेवायला गॅरेजमध्ये गेले तेव्हा एक पोतं फिरवून बघितलं. जांभळ्या शाईत इंग्रजी अक्षरं छापलेली होती. बोनमील. हाडांची भुकटी!

अगं बाई! मी तिथेच पोत्यावर टेकले आणि लगेच उठले. हे घर कसं, ते सांगायला हवं. चातुर्मासात कांदा बंद. गॅरेजवरची खोली चांगली असून रिकामी, कारण जो जो भाडेकरू आला तो अंडं खाणारा निघाला. मोलकरणीने भांडी घासली की त्यावर पुन्हा पाणी ओतायचं. आणि त्या घराच्या अंगणात, देवाच्या दुर्वांवर, मेल्या गुरांची हाडं दळून पसरलेली! अण्णांना इंग्रजी येत होतं. त्यांना पक्कं ठाऊक होतं. अक्कांना कुठलीच लिपी वाचता येत नव्हती. पोतं भिंतीकडे तोंड करून कुणाच्या भीतीने ठेवलं होतं, हे काय मला सांगायला हवं होतं?

पहिला विचार आला तो धावत जाऊन अक्कांना सांगायचा, हे खरं. दुसरा विचार अर्जाचा आला. दोन्हींच्या मध्ये पाइप गुंडाळायला लागतो तेवढाच वेळ गेला असेल.

रविवारी अण्णा यंत्र ढकलत होते. मी वाटेवर उभी राहिले.

‘‘अण्णा, त्या पोत्यावर काय लिहिलंय?’’

‘‘खत. विलायती आहे.’’

‘‘कशाचं?’’

यंत्र थांबलं. त्यांनी आधी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘‘हळू बोल.’’

‘‘हळूच बोलतेय.’’

‘‘तिला सांगितलंस?’’

‘‘अजून नाही,’’ मी म्हटलं. त्या ‘अजून’वर मी सकाळपासून मेहनत घेतली होती.

तो माणूस एक अक्षर जास्त बोलला नाही. ‘चूक झाली’ नाही, ‘मला माहीत नव्हतं’ नाही, काही नाही. कचेरीत जसं विचारत असतील तसं विचारलं, ‘‘काय हवंय तुला?’’

‘‘सही.’’

त्यांनी व्हरांड्यात बसून, अर्ध्या चड्डीत, पालकाच्या जागी सही केली. खाली हुद्दाही लिहिला, निवृत्त असं कंसात. मग आत जाऊन अक्कांना म्हणाले, ‘‘सूनबाईला शिकू दे. पाणी मी घालीन. आपण शब्द दिला होता.’’ अक्का पोळपाटावर वाकल्या होत्या. त्यांनी वर बघितलं, आधी अण्णांकडे आणि मग माझ्याकडे. म्हणाल्या, ‘‘सरी.’’ आणि पुन्हा लाटू लागल्या.

मी कॉलेजात जाऊ लागले. पण दुर्वा खुडायचं काम माझ्याकडेच राहिलं. ते साडेसहाचं होतं, आणि तेवढ्याने कॉलेज बुडत नव्हतं. पहिल्या दिवशी ताटली पुढे करताना मला अक्कांकडे बघवलं नाही. चौथ्या दिवशी बघवलं. माणूस फार लवकर निर्ढावतो, आणि मी तर बी.ए. होणार होते. मी मनाशी म्हणायचे, दगडाच्या गणपतीला हाडाचं काय कळतंय. अक्कांना काय कळतंय, हेही म्हणायचे. एकवीस दुर्वा मोजून, जुडी बांधून, भक्तिभावाने वाहणारी ती बाई मला तेव्हा जगातली सगळ्यांत भोळी बाई वाटायची. खोटं कशाला सांगू, मला तिच्या भोळेपणाचा तिटकारा यायचा. इतकं कसं गं कळत नाही तुला, असं वाटायचं.

अण्णांनी पाणी घातलं ते आपल्या पद्धतीने. सहाला उठणं जमेना म्हणून पिंपात भरून ठेवायचे आणि उन्हं चढल्यावर झारीने शिंपडायचे. हाडांचा हप्ता दर दोन महिन्यांनी. एकदा लवकर हिरवं व्हावं म्हणून कुठलंसं दुसरं पांढरं खत मुठीमुठीने फेकलं आणि जिथे जिथे मूठ पडली तिथे तिथे गवत जळून पिवळं झालं. आठवडाभर आमच्या लॉनला गजकर्ण झालं होतं. मी कॉलेजातून येताना ते बघायचे आणि मला बरं वाटायचं.

परीक्षक आले ते दुसऱ्या वर्षी. अण्णांनी कोट घातला होता. तिघं आले, त्यांतला म्हातारा होता तो सरळ बुटांसकट लॉनवर चढला. अण्णा लॉनच्या कडेपर्यंत धावले आणि तिथेच थांबले. त्याने वाकून एक चिमूट गवत उपटलं, मुळं बघितली आणि कानडीत म्हणाला, ‘‘रोज शिंपडता वाटतं? मुळं वरच आहेत. आठवड्यातून दोनदा खोल भिजवा. धार लावून घ्या आणि थोडं उंच कापा.’’ मी व्हरांड्यात सरबताचे पेले घेऊन उभी होते. अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी मात्र त्यांच्याकडेच बघत राहिले. म्हाताऱ्याला एकच जागा आवडली, ती कुंपणाकडेची न कापलेली हातभर पट्टी. ‘‘हे गवत निरोगी आहे,’’ म्हणाला. कप आला नाही. उत्तेजनार्थ म्हणून एक कागद आला, तो अण्णांनी चौकट करून लावला. भावाकडे चहा घ्यायला ते पुढेही गेले नाहीत.

मग माझा निकाल लागला. बी.ए. झाले, आणि दुसऱ्या वर्गात. नवऱ्याने पेपर खाली ठेवून अभिनंदन केलं. अण्णा ‘छान’ म्हणाले आणि यंत्राला तेल द्यायला गेले. मी पेढे घेऊन मागच्या दारी गेले. अक्का तुळशीपाशी बसून वाती वळत होत्या. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. म्हणाल्या, ‘‘झालीस ना पास? आता सांग. त्या पोत्यावर काय लिहिलं होतं?’’

 माझ्या तोंडाला दोन वर्षांची सवय होती. ‘‘खत, अक्का. विलायती,’’ मी म्हटलं.

त्या वाती वळतच राहिल्या. ‘‘हाडं आहेत ती,’’ म्हणाल्या. ‘‘कुत्री गवत चाटायला येतात होय? पाणी पडल्यावर काय वास सुटायचा! वाचता येत नाही म्हणून नाकही नाही, असं वाटलं तुला?’’

 मी विचारलं, ‘‘मग तुम्ही देवाला त्या दुर्वा...’’

‘‘कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटमधून आणत होते. तुम्ही उठायच्या आत. तू दिलेल्या मागच्या केळीच्या बुंध्यात जायच्या.’’

दोन वर्षं! साठीला आलेली बाई रोज पहाटे पदर खोचून रिकाम्या प्लॉटमध्ये दुर्वा खुडत होती, मग घरी येऊन, पुन्हा आंघोळ करून, माझ्या हातातली ताटली दोन्ही हातांनी घेत होती. आणि मी तिला भोळी म्हणत होते.

‘‘अण्णांना का नाही बोललात?’’ मी म्हटलं. आवाज चढला माझा, जणू त्यांनीच मला फसवलं होतं. ‘‘एका दिवसात पोती गेली असती, लॉन गेलं असतं, तुमचा मोगरा...’’

‘‘आणि तुझं कॉलेज?’’ अक्का म्हणाल्या. ‘‘यांनी सही फुकट दिली काय तुला? चाळीस वर्षं संसार केलाय मी यांच्याबरोबर. पोती आली आणि चार दिवसांत यांना शब्द आठवला. मला तेवढा हिशेब येतो. मी बोलले असते तर यांनी तुला घरी बसवलं असतं. म्हणून गप्प राहिले.’’

मी त्यांच्या पायांशी बसले. मला वाटलं, आता त्या रागावतील, आणि रागावल्या तर बरं होईल. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी पेढ्याचा तुकडा मोडला, माझ्या तोंडात घातला आणि म्हणाल्या, ‘‘कॉलेजसाठी तू यांच्याशी काय वाटेल ते केलं असतंस तरी मी काही म्हटलं नसतं. पण रोज ताटली घेताना मी तुझ्या तोंडाकडे बघायची गं. वाटायचं, आज ही मला सांगेल. मी कुणाला बोलणार नव्हते. नुसतं मला सांगितलं असतंस.’’